मराठी विज्ञान परिषद : मराठीतून विज्ञानप्रसाराच्या एका संस्थात्मक प्रयत्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, शोधकर्ते आणि प्रयोगशाळा यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान समाजापर्यंत कोणी नेले, कोणत्या भाषेत नेले आणि प्रत्यक्षात ते कोणापर्यंत पोहोचले, हे प्रश्न तुलनेने उपेक्षित राहतात. महाराष्ट्रापुरता विचार केला तर या प्रश्नांचे उत्तर शोधताना एका संस्थेचा विचार टाळता येत नाही. ती संस्था म्हणजे २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद होय. सहा दशकांच्या वाटचालीत या संस्थेने अधिवेशने, मासिक, व्याख्याने, स्पर्धा व पुस्तके यांच्या द्वारे मराठी वाचकांसमोर विज्ञान मांडले.

परिषदेविषयी उपलब्ध असलेले बरेचसे लेखन गौरवपर आहे. संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा यात वावगे काही नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढे जाऊन संस्थेच्या घडणीचा विचार करावा लागतो. परिषदेने आपल्या कार्याचा साचा मराठी साहित्यसंस्थांकडून घेतला. या साच्यामुळेच ती दीर्घकाळ टिकली, तिने मराठीला नवे लेखक व नवा वाङ्मयप्रकार दिला, आणि या साच्यामुळेच तिच्या पोहोचीची मर्यादाही निश्चित झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम परिषदेची पूर्वपीठिका, नंतर स्थापनेची परिस्थिती व कार्यपद्धती, त्यानंतर समकालीन अन्य प्रवाहांशी तुलना आणि शेवटी शिक्षणाच्या भाषेत झालेल्या बदलाचा परिणाम, या क्रमाने विवेचन केले आहे.

१. पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकातील ज्ञानप्रसार

मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा परिषदेपेक्षा सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. 'दिग्दर्शन'मध्ये भूगोल, सृष्टिविज्ञान, इतिहास अशा विषयांवरील लेखनाला स्थान होते. वृत्तपत्र बातम्यांसाठी आणि मासिक ज्ञानासाठी, ही विभागणी मराठीत येथून सुरू झालेली दिसते.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व प्राध्यापक यांनी एक साहित्य-विज्ञान मंडळ स्थापन केले. दादाभाई नौरोजी हे या मंडळातील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होत. या मंडळाच्या मराठी व गुजराती अशा स्वतंत्र ज्ञानप्रसारक शाखा होत्या. मराठी शाखेच्या प्रेरणेतून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. साहित्य व विज्ञान हे दोन्ही विषय एकाच मंडळाच्या नावात व कार्यक्षेत्रात असणे ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सभा भरवावी, निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि तो मासिकात छापावा, ही पद्धत मराठी समाजात या काळात रुजली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' (१८६१) हा ग्रंथ अशाच वातावरणाचे फलित होय.

या ज्ञानप्रसाराला एक मूलभूत मर्यादा होती व तिची जाणीव समकालीनांना नव्हती असे नाही. वरच्या वर्गांना शिक्षण दिले की त्यांच्याकरवी ते आपोआप खाली झिरपेल, या सरकारी धोरणावर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात कठोर टीका केली. ज्ञान झिरपत नाही, ते पोहोचवावे लागते आणि त्यासाठी प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा लागतो, हा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ होता. विज्ञानप्रसाराच्या कोणत्याही संस्थेचे मूल्यमापन करताना ही कसोटी दृष्टीआड करता येत नाही.

२. पुण्यातील प्रयत्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानप्रसाराच्या दृष्टीने पुण्याचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. प्रा. गो. रा. परांजपे यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' हे मासिक सुरू झाले. केवळ विज्ञानाला वाहिलेले मराठी मासिक चालविणे हा त्या काळी धाडसाचा उपक्रम होता. वाचक मर्यादित, जाहिराती अल्प आणि लेखकांना परिभाषेपासून सुरुवात करावी लागत असे. तरीही या मासिकाने विज्ञानलेखनाला सातत्याचे व्यासपीठ मिळवून दिले.

२२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातील सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले होते. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कलकत्त्यात स्थापन केलेल्या विज्ञानसंवर्धक संस्थेचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९९२ पासून विज्ञानवर्धिनीची संशोधन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या तीन प्रयत्नांनी तीन वेगवेगळ्या गरजा भागविल्या. 'सृष्टिज्ञान'ने वाचन दिले, ज्योतिर्विद्या परिसंस्थेने निरीक्षणाची संधी दिली आणि विज्ञानवर्धिनीने संशोधनाला जागा दिली. मराठी भाषकांतील वैज्ञानिक, अभियंते, शिक्षक व जिज्ञासू वाचक यांना एकत्र आणणारे व्यापक संघटन मात्र अद्याप निर्माण व्हावयाचे होते. ते पुढे मुंबईत निर्माण झाले.

३. स्थापनेची परिस्थिती : १९६६ चे वर्ष

परिषदेची स्थापना मुंबईत आणि १९६६ मध्येच का झाली, याचा विचार करणे उद्बोधक ठरते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी शासनाने भाषा संचालनालय व साहित्य-संस्कृती मंडळ स्थापन केले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. मराठी ही राज्यकारभाराची भाषा होणार हे निश्चित झाल्यावर ती ज्ञानाची व तंत्रज्ञानाचीही भाषा होणार काय, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

दुसरीकडे, मुंबई हे देशातील आधुनिक विज्ञानाचे प्रमुख केंद्र बनले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५), तुर्भे येथील अणुऊर्जा संशोधन केंद्र (१९५४) आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था (१९५८) यांमुळे उच्चशिक्षित वैज्ञानिकांचा व अभियंत्यांचा मोठा वर्ग या शहरात आला. त्यांपैकी अनेकांचे घर मराठी आणि काम इंग्रजी होते. दिवसभर ज्या विषयात काम करावयाचे, त्याविषयी आपल्याच भाषेत चार शब्द बोलता येऊ नयेत, ही खंत या वर्गाला होती. परिषदेच्या मुळाशी ही खंत होती, असे मानावयास जागा आहे.

१९६६ या एकाच वर्षातील काही घटना येथे लक्षात घ्याव्या लागतात. २४ जानेवारी रोजी डॉ. होमी भाभा यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. बरोबर तीन महिन्यांनी, २४ एप्रिल रोजी, परिषद स्थापन झाली. १९ जून रोजी मुंबईत शिवसेनेची स्थापना झाली. २९ जून रोजी कोठारी आयोगाने आपला अहवाल केंद्र शासनास सादर केला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे आणि उच्च शिक्षणाचे माध्यम क्रमाक्रमाने प्रादेशिक भाषा व्हावे, अशा शिफारशी या अहवालात होत्या.

यांपैकी एका घटनेतून दुसरी उद्भवली, असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि मुंबईतील मराठी माणसाचे स्थान काय, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. शिवसेनेने तो नोकऱ्यांच्या व राजकीय प्रतिनिधित्वाच्या अंगाने मांडला. परिषदेने तो ज्ञानाच्या अंगाने हाताळला. एकाच शहरात, दोन महिन्यांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन संघटना मराठी अस्मितेच्या दोन भिन्न दिशा दर्शवितात. एकीचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला, तर दुसरीची नोंद सामाजिक इतिहासात क्वचितच घेतली जाते.

४. साहित्यसंस्थेचा साचा

परिषदेच्या स्थापनेत अभियंता म. ना. गोगटे यांचा पुढाकार होता व या कार्यात त्यांना मुंबई मराठी साहित्य संघाचे साहाय्य लाभले. १९३५ मध्ये स्थापन झालेला गिरगावातील साहित्य संघ हे मुंबईच्या मराठी सांस्कृतिक जीवनाचे केंद्र होते. विज्ञानाची संस्था एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या आश्रयाने न जन्मता साहित्यसंस्थेच्या आश्रयाने जन्मली, ही गोष्ट तिच्या पुढील घडणीची किल्ली आहे.

मराठी समाजाला संस्था चालविण्याचा अनुभव प्रामुख्याने साहित्य, नाट्य व व्याख्यानमाला यांच्या क्षेत्रांतील होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि १८७८ पासूनची साहित्य संमेलनांची परंपरा यांतून एक सर्वपरिचित घडी तयार झाली होती : वार्षिक संमेलन, निवडलेला अध्यक्ष, त्याचे छापील भाषण, परिसंवाद, स्थानिक स्वागत समिती, गावोगावच्या शाखा, सभासद-वर्गणी आणि मुखपत्र. परिषदेने ही घडी जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. अखिल भारतीय मराठी विज्ञान अधिवेशन दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरू लागले. गावोगावी विभाग स्थापन झाले. 'पत्रिका' हे मासिक निघू लागले. कार्यवाह हे पद संस्थेचा कणा ठरले व अ. पां. देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते दीर्घकाळ निष्ठेने सांभाळले. वसंत गोवारीकर, ज्येष्ठराज जोशी यांच्यासारख्या नामवंत वैज्ञानिकांनी अध्यक्षपद भूषविले. शीव-चुनाभट्टी येथे परिषदेची विज्ञान भवन ही वास्तू उभी राहिली.

या साच्याचे लाभ उघड आहेत. पहिला लाभ म्हणजे स्वायत्तता. सभासदांची वर्गणी, देणग्या व स्वयंसेवकांचे श्रम यांवर संस्था चालत असल्याने तिचे अस्तित्व एखाद्या शासकीय योजनेवर अवलंबून राहिले नाही. दुसरा लाभ म्हणजे सुलभता. मुंबईतील वैज्ञानिक जिल्ह्याच्या गावी जाऊन मराठीत बोलतो आणि स्थानिक शिक्षक, डॉक्टर, शेतकरी व विद्यार्थी त्याला प्रश्न विचारतात, हा प्रसंग अधिवेशनामुळे घडू लागला. तिसरा लाभ प्रतिष्ठेचा होता. इंग्रजीत शोधनिबंध लिहिणाऱ्या वैज्ञानिकाने मराठीत लेख लिहिणे हे कमीपणाचे नाही, ही धारणा रुजविण्यात या व्यासपीठाचा वाटा मोठा आहे.

अन्य भाषांतील समांतर प्रयत्नांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. हिंदीत प्रयाग येथील विज्ञान परिषद १९१३ मध्ये स्थापन झाली व १९१५ पासून तिने 'विज्ञान' मासिक चालविले. बंगालीत सत्येंद्रनाथ बसू यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद आणि तिचे 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक सुरू झाले. या दोन्ही संस्थांचा भर प्रकाशनावर होता. मराठी परिषदेने प्रकाशनाला फिरत्या वार्षिक अधिवेशनाची व विभागांच्या जाळ्याची जोड दिली.

५. विज्ञानकथा स्पर्धा आणि 'कृष्णविवर'

साहित्यसंस्थेचा साचा स्वीकारल्याचा सर्वांत दूरगामी परिणाम साहित्यावरच झाला. विज्ञान रंजक रीतीने मांडले जावे या हेतूने परिषदेने विज्ञानरंजन कथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. कथालेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. हे लेखक म्हणजे प्रत्यक्षात डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत, ही गोष्ट नंतर उघड झाली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासमवेत केलेल्या संशोधनामुळे नारळीकरांचे नाव तोपर्यंत घरोघरी पोहोचले होते. नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली.

या घटनेचे महत्त्व व्यक्तिगत किश्श्यापुरते मर्यादित नाही. जागतिक कीर्तीच्या वैज्ञानिकाने एका स्वयंसेवी संस्थेच्या स्पर्धेत सामान्य स्पर्धकाप्रमाणे उतरावे, हे त्या व्यासपीठाच्या विश्वासार्हतेचे द्योतक आहे. दुर्गा भागवत यांनी कऱ्हाड येथे १९७५ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या वाङ्मयप्रकाराची दखल घेतली. १९७९ मध्ये नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी हा प्रवाह समृद्ध केला. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह राष्ट्रीय पुस्तक न्यासाने १९९३ मध्ये प्रकाशित केला.

हे वर्तुळ २०२१ मध्ये पूर्ण झाले, असे म्हणता येईल. त्या वर्षी नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना देण्यात आले. साहित्य संमेलनाचा साचा ज्या संस्थेने विज्ञानासाठी वापरला, तिच्या स्पर्धेतून पुढे आलेला लेखक साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २० मे २०२५ रोजी पुणे येथे नारळीकरांचे निधन झाले.

६. परिभाषेचा प्रश्न

मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाला परिभाषेचा प्रश्न भेडसावतो. साठच्या दशकात या प्रश्नाची दोन केंद्रे होती. भाषा संचालनालय परिभाषा कोश तयार करीत होते. तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालू होते व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. या दोन्ही ठिकाणी शब्द समितीत घडत होते. परिषदेच्या व्यासपीठावर ते वापरून पाहिले जात होते.

'कृष्णविवर' हा शब्दच याचे उत्तम उदाहरण आहे. या संकल्पनेसाठीची इंग्रजी संज्ञा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९६७ मध्ये रूढ केली. सातच वर्षांनी तिचा मराठी प्रतिशब्द एका कथेचे शीर्षक बनला आणि वाचकांनी तो कोणत्याही कोशाच्या शिफारशीवाचून स्वीकारला. उलट, समितीत घडलेल्या अनेक संज्ञा कोशातच राहिल्या. शब्द रूढ होण्यासाठी त्याला वाक्य लागते, वाक्याला मजकूर लागतो आणि मजकुराला वाचक लागतो. ही साखळी पुरविण्याचे काम परिषदेच्या मासिकाने, स्पर्धांनी व 'लोकसत्ता' दैनिकातील 'कुतूहल'सारख्या सदराने केले.

भाषेविषयीची परिषदेतील मंडळींची भूमिका एकसाची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. स्वतः गोगटे यांनी पुढील काळात भारतीय भाषा रोमन लिपीत लिहिल्या जाव्यात या विचाराचा पुरस्कार केला. हा विचार मराठी समाजाने स्वीकारला नाही. परंतु भाषा टिकविण्यासाठी कोणती तडजोड करावी, हा प्रश्न संस्थापकाच्याही मनात शेवटास गेलेला नव्हता, एवढे त्यावरून दिसून येते.

७. समकालीन अन्य प्रवाह व परिषदेची मर्यादा

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी व सुधारणावाद यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९८१ मध्ये मुंबईतील नेहरू केंद्राच्या वतीने वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी एक निवेदन प्रसिद्ध झाले व त्यावर आशिस नंदी यांनी आक्षेप घेतल्याने देशभर चर्चा झाली. विज्ञानाची माहिती देणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या काळात तीव्र झाली.

या जाणिवेतून महाराष्ट्रात दोन वेगळे प्रवाह पुढे आले. लोकविज्ञान संघटनेने १९८० च्या सुमारास विज्ञानाचा संबंध आरोग्य, दुष्काळ, पाणी यांसारख्या सामाजिक प्रश्नांशी जोडला. या प्रवाहामागे केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे उदाहरण होते. ती संस्थाही १९६२ मध्ये विज्ञानलेखकांची संस्था म्हणूनच जन्मली होती. परंतु सत्तरच्या दशकात तिने सामाजिक परिवर्तनाचे ध्येय स्वीकारले व पर्यावरण आणि साक्षरता यांच्या चळवळीत ती उतरली. दुसरा प्रवाह १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा होय. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली या समितीने भोंदूगिरीला थेट आव्हान दिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत राज्य शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला.

मराठी विज्ञान परिषद या दोन्ही वाटांनी गेली नाही. तिने समजावून सांगण्याचा मार्ग धरला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली, तेव्हा पृष्ठताणाच्या आधारे वैज्ञानिकांनी तिचे स्पष्टीकरण दिले. अशा प्रसंगी दूध वर का चढते हे सांगणे आणि लोक रांगा का लावतात हे विचारणे, ही दोन वेगळी कामे असतात. परिषदेने बहुधा पहिल्याच कामात आपली शक्ती वेचली. या संयमाबद्दल तिच्यावर टीका करता येईल. तथापि शाळा, कारखाने, शासकीय प्रयोगशाळा आणि सर्व विचारांचे सभासद यांना एकत्र ठेवणे तिला याच संयमामुळे शक्य झाले, हेही मान्य करावे लागते.

अधिक गंभीर मर्यादा पोहोचीची आहे. इंग्लंडमध्ये १९८५ साली रॉयल सोसायटीने वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली लोकांच्या विज्ञानविषयक आकलनासंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. जनतेला विज्ञानाची माहिती कमी आहे व ती पुरविली पाहिजे, असा त्याचा एकूण रोख होता. पुढे अभ्यासकांनी या दृष्टीवर आक्षेप घेतला : जनता म्हणजे रिकामे भांडे नव्हे, तिच्याजवळ स्वतःचे अनुभव व प्रश्न असतात. फुले यांनी झिरपण्याच्या कल्पनेवर शंभर वर्षांपूर्वी घेतलेला आक्षेप निराळ्या संदर्भातला असला, तरी त्याचा गाभा याच्या जवळचा आहे. व्याख्यान, मासिक व अधिवेशन या तिन्ही साधनांसाठी श्रोता आधी वाचक असावा लागतो. त्यामुळे परिषदेचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने शिक्षित, मध्यमवर्गीय व सभेला येण्याची सवड असलेला राहिला.

८. शिक्षणाची भाषा आणि बदललेला वाचक

आश्चर्याची गोष्ट अशी की, परिषदेपुढील सर्वांत मोठे आव्हान तिच्या वर्तुळाबाहेरून न येता आतून, म्हणजे याच शिक्षित मध्यमवर्गाकडून आले. १९७५ पासून दहावीच्या नव्या आकृतिबंधात विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य झाले. लाखो मराठी मुले विज्ञान मराठीतून शिकू लागली. परिषदेच्या नियोजित वाचकांची संख्या त्यामुळे वाढणे अपेक्षित होते. परंतु अकरावीपासून विज्ञानशाखेचे माध्यम इंग्रजीच राहिले. विद्यापीठीय पुस्तकांसाठी नागपूर येथे ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले, तरी विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमांत मराठीला पाय रोवता आले नाहीत.

१९८३ मध्ये राज्य शासनाने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडीचे उदाहरण या संदर्भात घेता येईल. एके काळी शहराबाहेरचे गाव असलेल्या या भागात त्याच वर्षी विश्वकर्मा तंत्रनिकेतन संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पुढील दशकांत हा परिसर मध्यमवर्गीय वसाहतींनी भरून गेला. येथील घरांतून मराठी बोलली जाते, मराठी दैनिक येते. परंतु त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी विज्ञान इंग्रजीतून शिकते. अशा उपनगरांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे.

२००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यानंतर मराठी शाळांतून सेमी-इंग्रजी पद्धत वेगाने पसरली. या पद्धतीत इतिहास, भूगोल व भाषा मराठीतून आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. मराठी शाळा टिकविण्यासाठी पालकांना दिलेली ही तडजोड होती. परिषदेच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ मात्र गंभीर आहे. मराठी शाळेतून सर्वप्रथम बाहेर पडलेले विषय म्हणजे नेमके विज्ञान आणि गणित होत. 'गुरुत्वाकर्षण', 'पेशी', 'संप्लवन' हे शब्द ज्या विद्यार्थ्याने वर्गात ऐकलेच नाहीत, त्याच्यासाठी मराठीतील विज्ञानलेख हा सोपा राहत नाही. तो अनुवाद करून वाचावा लागतो.

याच्या उलट दिशेचे काही प्रयत्नही झाले आहेत. अभियांत्रिकीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेत २०२१ पासून मराठीचा पर्याय उपलब्ध झाला आणि अभियांत्रिकी शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मान्यता दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात दर्जा भाषेच्या प्राचीनतेचा गौरव करतो. भाषेत आजचे ज्ञान निर्माण होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, मराठी विज्ञान परिषद ही १९६६ मध्ये अकस्मात उद्भवलेली संस्था नसून, १८४८ च्या ज्ञानप्रसारक मंडळापासून चालत आलेल्या सभा-निबंध-मासिक या परंपरेचा तो विसाव्या शतकातील विस्तार होय.

दुसरा, साहित्यसंस्थेचा साचा स्वीकारल्यामुळे परिषदेला स्वायत्तता, सातत्य व सामाजिक प्रतिष्ठा लाभली. विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार मराठीत प्रतिष्ठित होणे ही तिची सर्वांत ठळक सांस्कृतिक कामगिरी होय.

तिसरा, याच साच्यामुळे तिचे कार्य वाचकवर्गापुरते सीमित राहिले. लोकविज्ञान व अंधश्रद्धा निर्मूलन या चळवळींनी जे प्रश्न हाती घेतले, ते परिषदेच्या कक्षेबाहेर राहिले. या तिन्ही प्रवाहांचा इतिहास एकत्रितपणे लिहिला जाणे आवश्यक आहे. कारण एकाने भाषा घडविली, दुसऱ्याने विज्ञान सामाजिक प्रश्नांशी जोडले, तर तिसऱ्याने त्यासाठी किंमत मोजली.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, विज्ञानप्रसाराची संस्था शिक्षणाच्या भाषेपासून अलग राहू शकत नाही. संस्थेने कितीही निष्ठेने मराठीत विज्ञान सांगितले, तरी शाळेने ती भाषा सोडल्यास ऐकणाऱ्यांची पिढीच संपते. १९६६ मध्ये मराठी वैज्ञानिकाला आपल्या भाषेत बोलावयास व्यासपीठ नव्हते. आज व्यासपीठ आहे, परिभाषा आहे, साहित्य आहे. प्रश्न आहे तो समोर बसणाऱ्या विद्यार्थ्याचा. परिषदेच्या पुढील वाटचालीची दिशा सभागृहापेक्षा शाळेच्या वर्गात अधिक निश्चित होईल, असे या इतिहासावरून दिसते.